मटण सुटलं, तेल सुटेना

आजोबा व्हीगन झाले का, असं तुम्ही दोघांनी परवा विचारलंत. त्यांनी ऐटीत मान डोलावली. आता खरं काय ते लिहिते.

हृदयाच्या नळ्यांत दोन स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की जुना मधुमेह आणि हे हृदय, दोन्ही एकत्र सांभाळायचं आहे. मटण बंद, तूप-तळण बंद, तेल नावापुरतं. डाळी, उसळी, पालेभाज्या भरपूर, भात-भाकरी बेतानं. पुन्हा हृदयाचा झटका आला तर डॉक्टरांच्या हातात काही राहणार नाही, हेही सांगितलं. एवढ्यातून तुमच्या आजोबांच्या कानात दोनच शब्द शिरले: मटण बंद.

रविवारचं सावजी मटण त्यांनी सोडलं ते अशा थाटात, जणू राजपाट सोडून वनात निघालेत. कॉलनीत घरोघरी स्वतः सांगून आले. मग सुरू झाला यांचा शाकाहार. साबुदाणा झाडाचाच. संत्र्याची बर्फी तर फळच. बटाटेवड्यात प्राणी कुठे आहे ते दाखव, म्हणे! खापरखेड्याच्या वीजकेंद्रात आयुष्यभर बॉयलर सांभाळलेला माणूस. नळीत थर साचला की काय होतं, ते झोपेतसुद्धा सांगेल. स्वतःच्या नळ्यांचं तेवढं विचारायचं नाही.

त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या नणंदेला, या त्यागाचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी आम्हाला मुद्दाम जेवायला बोलावलं. गोळाभात होता. भातात शिजलेले हरभऱ्याच्या डाळीचे गोळे, आणि वरून मोहरी, हिंग, भिवापुरी मिरची घातलेलं कडकडीत तेल. ते चमच्यानं वाढणं आमच्याकडे कमीपणाचं. पळीनंच वाढायचं, आणि पाहुणा जितकं नको म्हणेल तितकं जास्त.

“ताई, यांना तेल नको,” मी म्हटलं.

“काहून वं? मटन सोडलं नं त्यानं? तेलात का बकरा हाय?”

“वाढ नं ताई, हिचं काय ऐकते!” हे तुमचे आजोबा.

“पाय त्याच्याकडे! माझ्या भावाले उपाशी मारून राहिली तू. कसा सुकला बिचारा!”

बिचाऱ्याच्या शर्टाचं पोटावरचं बटण त्या दिवशी लागत नव्हतं.

पहिली पळी पडली आणि गोळे तेलात पोहायला लागले. दुसरी आली तशी मी त्यांच्या ताटावर हात आडवा धरला. पण हात आडवा दिसला की आमच्याकडच्या वाढणाऱ्याला चेवच येतो. ताईंनी तो लटका नकार समजला आणि पळी रिकामी केली, थेट माझ्या बोटांवर.

“अवं, हात काढाचा नं!” वर मलाच बोलल्या.

आजोबांनी मला नळाखाली नेलं. बोटांवर फोड उठताना बघत होते. परत आल्यावर त्या ताटाला त्यांनी हात लावला नाही. ताई अजून रुसलेल्या आहेत; त्यांना वाटतं मी त्यांच्या भावाला फितवलं. रुसू देत.

हात बांधलेला, म्हणून स्वयंपाक आजोबांवर आला. तेव्हा कळलं, की जन्मभर लाल तेलाची तर्री ओरपणारा हा गृहस्थ फोडणीला घाबरतो! मोहरी तडतडली की दाराआड जातो. त्यामुळे डाळ साधीच शिजते, वर लिंबू पिळलं जातं. पालक, मेथी वाफेवर. काकडी, टोमॅटो कच्चेच, कारण ते उडत नाहीत. तळण तर बंदच. डॉक्टरांना जे समजावता आलं नाही, ते मोहरीनं करून दाखवलं. ते तोंड वाकडं करून खातात, पण खातात.

माझा हात केव्हाच बरा झालाय. पट्टी मात्र मी रोज बांधते. तुम्ही त्यांना सांगू नका.