मिठागराची चादर, किब्बरचं बर्फ

बर्फातलं जनावर बघायची हौस बाबांची. पण त्यांना धाप लागते, आणि चार हजार मीटर उंचीवर जायला डॉक्टरांनी साफ नकार दिला. म्हणून फेब्रुवारीत स्पितीतल्या किब्बरला मी गेले. बाबांची अट एकच होती: खोकडाचा, म्हणजे कोल्ह्याच्या डोंगरातल्या भावाचा, असा फोटो आणायचा, ज्यात त्याने मला पाहिलेलं नाही.

अट जुनी आहे. पनवेलकडच्या गव्हाण गावाजवळ आमचं मिठागर होतं तेव्हा पहाटे खारफुटीतून कोल्हे यायचे. बाबा मला मिठाच्या राशीमागे, एका मळकट पांढऱ्या चादरीखाली बसवायचे. मी दर वेळी हलायचे. कोल्हा मान वर करायचा आणि बाबा चादर झटकत उठायचे. "बगलान तुला. चल घरी." आता तिथे भराव आहे.

बर्फात घालायचे तयार सूट मला फार झगझगीत वाटले. त्यापेक्षा तीच चादर बरी. पनवेलच्या शिंप्याने तिचा टोपीवाला झगा शिवला आणि नाटकात भुताचं काम मिळालं का, असं विचारलं. कॅमेऱ्याला, बुटांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळल्या. सगळं नीट ठरवलेलं. फक्त निघायच्या आदल्या दिवशी आईने झगा धुतला, भरपूर नीळ दिली आणि कडक खळ घातली. मुलगी मळकं घालून परमुलखात जाणार, हे तिला पटणारं नव्हतं.

पनवेलहून रेल्वेने चंदीगड, पुढे शिमला, रेकाँग पिओ, काझा असा बसप्रवास. हिवाळ्यात मनालीकडून रस्ता बंद असतो, शिमल्याकडूनच जा. वाटेत दोन मुक्काम करा; उंचीशी घाई करू नये. किब्बरला दोर्जेंच्या घरी राहिले. ते पन्नाशीचे, खोकडांच्या वाटा ओळखणारे. जेवायला थुक्पा, म्हणजे शेवयांचं गरम कढण, आणि सत्तू.

पहिल्या सकाळी उन्हातल्या उतारावर बसले. झगा कागदासारखा कुरकुरत होता, आणि लख्ख बर्फावर त्याचा निळा डाग लांबूनही कळत होता. खोकड शंभर मीटरवर थांबलं, त्याने सरळ माझ्याकडे बघितलं आणि ते निघून गेलं. दोर्जे म्हणाले, खोकडाला हसता येत असतं तर तेही हसलं असतं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. निळीचं ऐकून त्यांनी आधी मी कुठे बसले होते ते विचारलं. मग म्हणाले, "उन्हात कशाला बसतंस? राशीच्या सावलीत बस. तुजी सावली तिच्यात गेली पायजे. आनि हलू नको."

दोर्जेंच्या बायकोने झगा कोमट पाण्यात बुडवून बुखारीजवळ, घर तापवायच्या लोखंडी शेगडीजवळ, वाळत घातला. खळ गेली, नीळ बरीचशी राहिली.

दुसऱ्या दिवशी एका उंच हिमकड्याच्या सावलीत बसले. तेव्हा जे लक्षात आलं, ते खरं तर मला आधीच सुचायला हवं होतं. उन्हातलं बर्फ पांढरं असतं. सावलीतल्या बर्फावर फक्त आकाशाचा उजेड पडतो, म्हणून ते निळसर दिसतं. आईची नीळ तिथे बरोबर बसत होती. वारा समोरून होता. दोन तास गेले, पायांची जाणीव गेली. मग खोकड आलं, वीस पावलांवर. बर्फात नाक खुपसून काहीतरी उकरत राहिलं. मी एकच फोटो काढला. त्याचा कान हलला, मान वर आली नाही.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात खुर्चीवर होते. कॅमेऱ्यातला फोटो मी फोनवर उतरवला होता. फोन हातात घेऊन त्यांनी आधी फोटोचा खालचा कोपरा मोठा करून पाहिला. तिथे माझी सावली नव्हती. मग खोकडाचे डोळे शोधले. तेही खाली होते.

"नाय बगलान," ते म्हणाले.

आईला मी निळीचं सांगितलं. तिला खरं वाटलं नाही. राखेचे आणि धुराचे डाग पाहून ती झगा उचलून न्हाणीकडे निघाली.

"ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले.

मिठागर नाही, कोल्हेही आता इकडे येत नाहीत. झगा कुठे वापरणार, मला माहीत नाही. आईने तो तसाच मळका घडी करून कपाटात ठेवला.