वासूला कोण नाही म्हणणार

सकाळचे नऊ. सुवा शहरातल्या मेडिकल कॉलेजचा वरचा मजला. खिडकीतून आलेला तिरका उजेड एका बंद हिरव्या दारावर पडलेला. दाराबाहेर लाकडी बाक, बाकावर फुलाफुलांच्या झग्यातली, मांडीवर जाडजूड फाइल धरून बसलेली डॉक्टर आकोसिता. आणि दारामागून हसण्याचे आवाज.

त्यातला अंजेश्नीचा आवाज आकोसिताने लगेच ओळखला. दुसरा ओळखायला वेळ लागला, कारण प्रोफेसर मेव्हिस फाँग तिच्यासमोर कधी हसल्याच नव्हत्या.

आकोसिता आणि अंजेश्नी दोघी याच प्रोफेसरांच्या हाताखाली पीएचडी करत होत्या. आकोसिता सत्तेचाळीस वर्षांची. वीस वर्षं सरकारी दवाखान्यात मधुमेहाने सडलेले पाय कापण्यात गेली. एके दिवशी तिला वाटलं, करवत हातात घेण्याआधीच काही करता येईल का? माणसानं आंघोळीनंतर रोज हातातल्या आरशात आपले तळपाय पाहिले तर जखम वेळेवर सापडेल का, एवढाच तिचा प्रश्न. तो कागदावर नीट मांडायलाच प्रोफेसरांनी तिला वर्षभर घासलं. अंजेश्नी लांबासाच्या ऊसवाल्याची मुलगी, अठ्ठावीस वर्षांची. शाळकरी मुलांच्या हृदयाच्या झडपा तपासायची. तिचा आराखडा तीन महिन्यांत पास झाला. तिच्या कागदांवर प्रोफेसर हिरव्या शाईनं ‘छान’ लिहीत, आकोसिताच्या कागदांवर ‘का?’.

त्या ‘का?’नं आकोसिताची झोप उडवली होती. आता या वयात कोणाच्या पाठीवर थाप पडते आणि कोणाच्या नाही हे मोजत बसावं का? पण ती मोजत होती. अंजेश्नी आत किती मिनिटं बसते, डब्यातला कसाव्याचा उकडलेला कंद प्रोफेसर तिच्यापुढे सरकवतात का, सगळं.

आज मात्र पारडं फिरणार होतं. तिच्या प्रबंधाचा मोठा भाग तीन गावांपैकी कंडावू बेटावरच्या एका गावावर उभा होता, आणि तिथून ती संमतीच्या सहीचे सगळे कागद घेऊन आली होती. अंजेश्नीला लांबासात दहातल्या चार आईबापांनी नकार दिला होता. आकोसिताच्या गावात एकशे अठरा माणसं, एकशे अठरा सह्या.

आत गेल्यावर तिने फाइल टेबलावर ठेवली आणि आकडा सांगितला. अंजेश्नी अजून खुर्चीतच होती, ते बरंच झालं.

प्रोफेसरांनी कागद चाळले. “नाही कोण म्हणालं?”

“कोणीच नाही.”

“एकही म्हातारा नाही? एकही आळशी माणूस नाही?”

“प्रोफेसर, ते माझ्या आईचं गाव आहे,” आकोसिता ऐटीत म्हणाली.

आणि म्हणता म्हणताच तिचं तिलाच ऐकू आलं. आईच्या गावाला ती वासू, गावच्या लेकीचं लेकरू. वासूनं डुक्कर मागितलं तर डुक्कर द्यायचं, होडी मागितली तर होडी. तिथे तिने पाय मागितले होते. लोकांनी पुढे केले, फोटो काढू दिले, बोटातून रक्त दिलं, सह्या ठोकल्या. ज्याला नाही म्हणायची सोयच नाही, त्याच्या होकाराला संमती कसं म्हणायचं?

प्रोफेसर रागावल्या नाहीत. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. हे गाव प्रबंधातून काढायचं, म्हणजे प्रबंध लंगडा आणि वर्ष वाया. नाहीतर गावाचं काहीच लागत नाही अशा कोणीतरी जाऊन प्रत्येकाला पुन्हा विचारायचं, आणि तेव्हा वासूनं बेटावर पाऊलही टाकायचं नाही. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. अंजेश्नी खाली मान घालून म्हणाली, दीदीची हरकत नसेल तर ती जाईल.

आकोसितानं तीन आठवडे उत्तर दिलं नाही. शरीराचा कुठलाही भाग तिने आनंदानं दिला असता. आईचं गाव त्या पोरीच्या हाती द्यायचं म्हणजे फार होतं. शेवटी दिलं. पाहुण्यानं मानाची भेट म्हणून न्यायची यांगोनाच्या मुळांची जुडी बांधून दिली, गावप्रमुखापुढे ती कशी ठेवायची, किती खाली बसायचं, डोक्यावर काही घालायचं नाही, सगळं शिकवलं. एकच गोष्ट शिकवली नाही. गावात खांद्याला पिशवी लटकवून चालत नाहीत, हे तिने गाळलं. विसरली नव्हती. होडी सुटल्यावर धक्क्यावर उभं राहून तिला स्वतःचीच लाज वाटली. पण तिने हाकही मारली नाही.

अंजेश्नी दोन आठवड्यांनी परतली ती हसतच. पिशवीवरून म्हाताऱ्यांनी तिला फैलावर घेतलं होतं, मग तिच्या वेंधळेपणावर पोट धरधरून हसल्या होत्या, आणि शेवटी तिच्याकडून लांबासाच्या पद्धतीची डाळ शिकल्या होत्या. आकोसितानं एवढंच विचारलं, कागद कुठे आहेत?

मग कागद निघाले. एकोणऐंशी होकार, एकोणचाळीस नकार. नकारात पहिलंच नाव सेमी मामाचं, ज्याच्या खांद्यावर बसून ती लहानपणी समुद्रात गेली होती.

“त्यांच्या डाव्या टाचेला जखम आहे, दीदी. टाच चिरली आहे, असं त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. मला म्हणाले, फोटो नको, नाव नको, पण तू परकी आहेस म्हणून दाखवतो. मी त्यांना नर्सकडे नेलं. आता मलमपट्टी चालू आहे.”

आकोसितानं तपासलेला पाय तो. तिने चिरलेली टाच म्हणून लिहून सोडून दिला होता, कारण मामा म्हणाला होता, काही नाही गं.

पुढचं दीड वर्ष तिने एकोणऐंशी माणसांवर आणि बाकीच्या दोन गावांवर प्रबंध उभा केला. एक प्रकरण एकोणचाळीस नकारांवर लिहिलं आणि त्यात स्वतःची चूक नावानिशी मांडली. तोंडी परीक्षेत दोन्ही परीक्षकांनी तासभर त्याच प्रकरणावर धारेवर धरलं. ती पास झाली.

पदवी घेतल्यावर ती गावाला गेली. मामाची जखम भरली होती. आरशाचा अभ्यास अजून पाच वर्षं चालणार होता, तेव्हा तिने त्याला समोर बसवून पुन्हा सगळं समजावलं: यात यायचं की नाही ते तुझ्या मर्जीवर. मामा लगेच हो म्हणाला.

“मामा, मनातलं सांग. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण.”

“बरं. तू सांगतेस तर नाही.”

अख्खी ओसरी हसली. आकोसिताही हसली. परतीच्या होडीत शेजारी अंजेश्नी होती. म्हाताऱ्यांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तिने हळूच विचारलं, दीदी, माझ्यावरचा राग आता तरी गेला का?

आकोसिता म्हणाली, “राग कधीच नव्हता गं पोरी. हेवा होता, आणि आजही आहे. मामा तुला नाही म्हणाला.”