माफी कशाची?

आवाज असा खणखणीत की सगळे तिला भोंगाबाई म्हणायचे. बाप नदीवर होडी चालवायचा, त्यामुळे पैलतीरावर हाक पोचवायची सवय लहानपणापासूनची. लढाई पेटली, नौदलात बायका घेऊ लागले, तशी ही नाव नोंदवून आली. आईने कपाळावर हात मारला.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. त्यांना कुठे पाण्यात उतरायचंय?"

वर्दी मिळाली, पण काम भांडारात, कपडे मोजायचं. समोरच धक्क्याला लाँच असायची, जहाजांवर माणसं नेणारी; ती कशी चालवतात ते ही रोज बघून शिकली. ती चालवायला मागितली, तर बंदराचे साहेब म्हणाले, "बायकांनी किनाऱ्यावरच राहायचं. हा पोरखेळ नाही."

एका दुपारी शत्रूची विमानं आली. बंदराच्या तोंडाशी उभं असलेलं जहाज पेटलं, खलाशी पाण्यात उड्या टाकू लागले. लाँचचा चालक धक्क्यावर जखमी होऊन पडला. भोंगाबाईने त्याला आडोशाला ओढलं आणि लाँचचा दोर सोडला.

"परत फिर! हुकूम आहे!" साहेब ओरडले.

ऐकू आलं, पण ती वळली नाही. धुरात हाताला हात दिसेना. मध्येच इंजिन बंद करून ती हाक मारी, ओ येईल तिकडे लाँच नेई. लाँचच्या तापलेल्या पत्र्याने तळवे पोळले. लाँच भरली, धक्क्यावर रिकामी केली, पुन्हा गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "माफी माग, प्रकरण मिटवतो."

"हुकूम मोडला, शिक्षा द्या. माफी कशाची मागू? माणसं वाचवल्याची?"

शिक्षा म्हणून भटारखान्यात धाडलं. पट्ट्या बांधलेल्या हातांनी ती बटाटे सोलत बसली. शेवटी जळालेल्या जहाजाचे कप्तानच साहेबांकडे गेले. "माझ्या माणसांना नवीन जहाजावर तीच सोडेल." साहेबांचा नाइलाज झाला. लढाई संपेपर्यंत लाँच तिच्याच हाती राहिली.

विजयाच्या संचलनाला मात्र बायकांसाठी कडेला खुर्च्या मांडलेल्या. भोंगाबाई थेट खलाशांच्या रांगेत उभी राहिली.

"तुझी जागा तिकडे आहे," साहेबांनी बजावलं.

"तिथे उन्हात डोळे दिपतात, साहेब."

शेजारचे दोघे हसू दाबत तिच्याजवळ सरकले, खांद्याला खांदा लावून. तेवढ्यात बँड सुरू झाला, आणि तिला ओढून काढायची सोयच उरली नाही.