डावा पाय पुढं

आमच्या ह्यांना मी नाचायला नेलं ते चक्क खोटं बोलून. 'व्यायामाचा क्लास आहे, जोडीनं करायचा असतो,' एवढंच सांगितलं. नाच म्हटलं असतं तर हे घराबाहेर पडले नसते, आणि तेव्हा त्यांना घराबाहेर काढणं मला फार गरजेचं वाटत होतं.

हे वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. मूळ गाव पिशोर. माझ्या चुलत दिराचा मुलगा तिथंच शेती करायचा. ह्यांनीच त्याला शहरात आणलं, कंपनीत कंत्राटावर चिकटवलं. पोरगं गुणी. आमच्याकडं येऊन जेवून जायचं, माझ्या हातच्या येसरच्या आमटीला नावं ठेवायचं आणि तीच दोनदा मागून घ्यायचं. मग कंपनीनं त्या लाईनीवरची कंत्राटी माणसं कमी करायची ठरवली. वरच्या साहेबांनी हुशारी केली. म्हणाले, तुम्हीच लावलं ना त्याला, मग तुम्हीच सांगा. ह्यांनी त्याला गेटवर सांगितलं, उद्यापासून येऊ नको. पोरगं बायकोला घेऊन पिशोरला परत गेलं.

आणि ह्यांनी बोलणं सोडलं. भांडण नाही, रुसवा नाही. 'भाजी कोणती करू' विचारलं तर 'कर कोणतीही'. गावाकडचा फोन आला की कट. पोळ्याला हे गावी गेले नाहीत. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस पोळ्याला शहरात गॅलरीत बसून राहतो, म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळेल. झोपेत करकरा दात खायचे, हाताच्या मुठी आवळलेल्या असायच्या. सकाळी तळहातावर नखांचे वण दिसायचे.

डॉक्टरांकडं नेलं. रिपोर्ट सगळे नॉर्मल, फक्त बीपी वर. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन आहे. गोळी देतो. पण गोळीनं माणूस बोलायला लागत नसतो. दोघं मिळून काहीतरी करा."

मला राग लवकर येतो आणि आला की तोंडावर येतो. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "अहो, तुम्हाला काही झालं तर मी काय करायचं? सांगा ना, मी काय करायचं?" हे बाहेर बघत राहिले. त्या दिवशी मला खरंच भीती वाटली. ह्यांच्याच कंपनीतला एक माणूस जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना गेला होता. तोही असाच गप्प गप्प असायचा म्हणे.

आधी हास्यक्लबात नेऊन पाहिलं. बागेत सगळे हात वर करून हा-हा-हा करतायत आणि हे मधोमध उभे, बँकेच्या रांगेत उभं राहावं तसे. एका आजोबांनी जवळ येऊन मला हळूच विचारलं, "घरात काही वाईट झालंय का हो?" झालं, तो क्लब तिथंच संपला.

शहरातल्या लष्कराच्या छावणी भागात माझा ब्लाऊजचा टेलर आहे. त्याच्या शेजारी एक जुनी छोटी शाळा. तिच्या भिंतीवर कागद दिसला, 'जोडीनं नाच शिका. वॉल्ट्झ. वयाची अट नाही. दर रविवारी संध्याकाळी.' वॉल्ट्झ म्हणजे काय ते मला कुठं ठाऊक! मी 'जोडीनं' एवढंच वाचलं आणि नाव देऊन आले.

रविवारी हे ट्रॅकपँट घालून, नॅपकिन खांद्यावर टाकून आले. दारातून आत पाहिलं तर बाकडी भिंतीला सरकवलेली आणि चार जोडपी एकमेकांचे हात धरून उभी. ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी दुसरीकडंच बघायला लागले. मागं वळणार तेवढ्यात मॅडम समोर आल्या. सत्तरीच्या असतील, सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. वडील लष्कराच्या बँडमध्ये वाजवायचे, त्यांच्याकडून घरातच शिकलेल्या. "आओ आओ, इतना लेट कायको?" म्हणत त्यांनी ह्यांचा दंडच धरला. वडीलधाऱ्या बाईचा हात झटकायचा हे ह्यांच्या रक्तात नाही. म्हणून वाचले मी.

"जेंट्स, डावा पाय पुढं. लेडीज, उजवा मागं," मॅडम म्हणाल्या. सगळ्या पुरुषांनी उजवा पाय टाकला. पुन्हा सांगितलं, पुन्हा उजवा. एका निवृत्त बँक मॅनेजरच्या सौभाग्यवतींनी तर विचारलंच, "मॅडम, सुरुवातच डाव्या पायानं? उजवा चालणार नाही का?"

"बाई, ये गृहप्रवेश नहीं है, वॉल्ट्झ है," मॅडम म्हणाल्या. "डावा मतलब डावा."

पाऊल तसं सोपं होतं. पुढं, बाजूला, जवळ. मग मागं, बाजूला, जवळ. फरशीवर चौकोन आखावा तसं. अवघड होतं ते एकमेकांना धरणं. लग्नात हार घालताना आम्ही जेवढे समोरासमोर उभे राहिलो तेवढेच. त्यानंतर गावात हे पुढं आणि मी चार हात मागं. आता चारचौघांत ह्यांनी उजवा हात माझ्या पाठीवर ठेवायचा होता. हात आणि पाठ यांच्यामधून मांजर निघून गेलं असतं! आणि डावा हात माझ्या हातात द्यायचा, तर तिथंही मूठच. मॅडमनी एकेक बोट धरून ती मूठ उघडली. "मूठ नहीं बाबा, हात दो," म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मऊ होता की माझेच डोळे भरून आले.

खरी गंमत पुढंच होती. नवशिके असल्यामुळं घडीघडीला कुणाचा तरी पाय कुणाला लागायचा. आणि पाय लागला की आपण काय करतो? वाकतो, त्या माणसाला हात लावतो, तो हात छातीला लावतो. लहानपणापासून अंगात भिनलेलं, डोकं विचारच करत नाही. इकडं पाय लागला, नमस्कार. तिकडं लागला, नमस्कार. गाणं चाललंय आपलं पुढं आणि सगळा वर्ग वाकतोय नि उठतोय. दोन जोडपी वाकताना एकमेकांवर आपटली, मग त्या चौघांनीही एकमेकांना नमस्कार केला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "ये नाच है के आरती?"

"मॅडम, पाय लागला ना," मॅनेजर साहेब ओशाळून म्हणाले.

"लगने दो! सगळे नमस्कार शेवटी. एकदम. सबका मिलाके." तेव्हापासून क्लास संपला की आम्ही सगळे समोरासमोर उभे राहून एकच मोठा नमस्कार घालायचो. पण सवय ती सवय. माझा पाय ह्यांना लागला की मी अर्धी वाकायचेच. ह्यांचा मला लागला तर हे काही वाकायचे नाहीत. आमच्याकडं बायकोला कोण नमस्कार करतं? मलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

बोलणी मात्र ह्यांच्याहून जास्त मीच खाल्ली. मॅडम म्हणायच्या, "तुम कायको आगे भागते? थांब. त्यांना सांगू दे, मग पाय उचल."

"मॅडम, हे सांगतच नाहीत काही, तीच तर बोंब आहे!"

"हाताने सांगतात. तू ऐकत नाहीस."

लई राग आला मला. घर मी चालवायचं, दवाखाने मी करायचे, आणि वर ऐकत नाही म्हणे! पण पुढच्या गाण्याला हट्टानं थांबून पाहिलं. तर खरंच, पाठीवरचा हात किंचित दाबला गेला आणि मग पाऊल आलं. इतकं हळू सांगत होते हे. मी एरवी तोवर स्वयंपाकघरात पोचलेली असते.

हळूहळू फरक पडायला लागला. नाचताना एक-दोन-तीन मोजायचं, मान ताठ ठेवायची, पायाकडं बघायचं नाही, बायकोला भिंतीवर आपटू द्यायचं नाही, एवढी सगळी व्यवधानं सांभाळताना डोक्यात दुसरं काही घुसायला जागाच राहत नाही. ह्यांचे कानापर्यंत चढलेले खांदे खाली आले. श्वास पोटातून यायला लागला; मला कळायचं, मी छातीशीच असायचे ना. रविवारी रात्री दात वाजायचे थांबले. मग सोमवारीही. बीपी तपासताना डॉक्टरांनी यंत्र पुन्हा एकदा लावून खात्री करून घेतली. एकदा मी भाजी निवडत होते तर हे आले, माझ्या हातातली मेथीची जुडी काढून ठेवली आणि फ्रिज ते ओटा एक चक्कर मला फिरवून परत पेपर वाचायला बसले. मी तिथंच उभी राहून लाजले, या वयात!

पण गावाचा फोन अजून कटच व्हायचा. हसायला लागले, झोपायला लागले, तरी पिशोर म्हटलं की चेहरा बंद.

मग तो रविवार. गाणं नुकतंच सुरू झालं होतं. ह्यांचा फोन बाकड्यावर वाजला. मी लांबूनच नाव पाहिलं, पुतण्याचं होतं. हे गेले, नाव बघितलं, कट केला आणि परत येऊन मला धरलं. डावा हात पुन्हा मूठ झालेला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, आणि ह्यांचा बुटाचा पाय अख्ख्या वजनानं माझ्या पायावर पडला.

"आई गं!" मी ओरडलेच.

हे खाली वाकले. माझ्या पायाला हात लावला. आणि उठलेच नाहीत. तिथंच फरशीवर गुडघे टेकून बसले, हात माझ्या पावलावर तसाच.

"अहो, उठा. लोक बघतायत. काही लागलं नाही मला."

"त्या दिवशी गेटवर," हे म्हणाले, "मी त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. तरी पोरगं माझ्या पाया पडायला वाकलं. रोजच्यासारखं. अन् मी पाय मागं घेतला." मग हुंदकाच फुटला. "पाय मागं घेतला गं मी. तसाच आत निघून गेलो. घोटभर चहासुद्धा नाय पाजला त्याला."

इतके महिने माझ्या नवऱ्याच्या छातीवर हे बसलं होतं. नोकरी गेली त्याचं दुःख होतंच, पण ती कुणीतरी घालवणारच होतं. पाय मात्र ह्यांनी स्वतः मागं घेतला होता. मी पण खाली बसले. ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. आमची इतर जोडपी इतकी भली, की सगळी आपापली नाचत राहिली. मॅडमनी गाणं बंद केलं नाही, उलट थोडं मोठं केलं, ह्यांचं रडणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

गाणं संपल्यावर हे नळावर तोंड धुऊन आले आणि शाळेच्या पायरीवर बसून फोन लावला. मला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. हे आपले "व्हय... व्हय..." करत होते. शेवटी म्हणाले, "येतो. दोघं बी येतो." फोन ठेवून माझ्याकडं बघितलं. "मुलगी झालीय त्याला. रविवारी बारसं आहे."

"आणि क्लास?"

"बुडू दे की."

पुढच्या रविवारी पिशोरच्या गाडीत बसलो. मी बाळंतविडा आणि झबली-टोपडी मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत ह्यांनी दोनदा विचारलं, "तो काही बोलला तर?" मी म्हटलं, "बोलू द्या. ऐकून घ्या." घराजवळ उतरलो. दारात मांडव, बायकांची गर्दी, चुलीवर चहाचं मोठं पातेलं उकळतंय. नेहमी हे पुढं असतात. त्या दिवशी मांडवापाशी आले आणि थबकले. मी मागून जाऊन शेजारी उभी राहिले.

पोरगं आतून पळतच आलं. वाळलं होतं, उन्हानं रापलं होतं. "काका," म्हणालं आणि तस्संच वाकलं.

ह्यांची टाच उचललेली मला दिसली. पाय मागं निघाला होता. सगळ्या गावासमोर मी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. ढकललं नाही. हळूच म्हटलं, "डावा पाय पुढं."

ह्यांनी पाय टाकला. पुढं. पोराचा हात पायाला लागला, आणि त्यानं वर बघायच्या आत ह्यांनी त्याला खांद्यांना धरून उठवलं आणि छातीशी लावलं.

"काका, अहो, आत तर या. चहा घ्या आधी," ते भांबावून म्हणालं.

"नाय," हे म्हणाले. "आधी मी पाजतो तुला. चल स्टँडवर."

घरात पातेलंभर चहा उकळत असताना काका-पुतण्या स्टँडवर चहा प्यायला निघाले. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सून बाळाला घेऊन दारात आली आणि मला विचारलं, "काकू, काय झालं ओ? कुठं चालले हे दोघं?"

"येतील," मी म्हटलं, "तू पोर दे माझ्याकडं."

बाळ मांडीवर घेऊन मी बघत होते. गल्लीच्या टोकापर्यंत ह्यांचा हात पोराच्या पाठीवर होता. बोटं सगळी उघडी होती.