दार उघडल्यावर पुढं काय झालं

आक्काला एका जागी बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ती चेकिंगला होती. चेकिंगच्या बायकांना स्टुलं दिलेली होती, पण आक्काचं स्टूल कायम टेबलाखाली सरकवलेलं असायचं. टॉवेल पसरायचा, दोन्ही तळहात त्यावरून फिरवायचे, तुटलेली सुताची तार बोटांना लागली की खडूची रेघ मारून बाजूला टाकायचा, सगळं उभ्यानं. डबासुद्धा उभ्यानं खायची. चहा तर येरझाऱ्या घालत प्यायची. कुणी "टेका की जरा, आक्का" म्हणालं, तर म्हणायची, "बसलं की डोस्कं चालू हुतं. त्यापरीस हात चालू असल्यालं बरं."

मी तेव्हा पॅकिंगला नवीन लागले होते. माझं टेबल तिच्या शेजारीच. आक्काची दुसरी खोड मला पहिल्याच आठवड्यात कळली. तिला अर्धवट गोष्ट चालत नसे. कुणाची नणंद रुसून माहेरी गेली, कुणाच्या गल्लीत भांडण झालं, काहीही सांगायला घेतलं की आक्का विचारणार, "मग? पुढं काय झालं?" सांगणाऱ्याला ठाऊक नसलं तर उखडायची. "ठाव न्हाय तर सांगायला कशाला घेतलंस गं?" त्यामुळे बायका तिच्यासमोर पुरी माहिती काढूनच तोंड उघडत.

जेवणाच्या सुट्टीत माग बंद असत. त्या अर्ध्या तासात सुपरवायझर मानेसाहेब आपला मोबाईल टॉवेलच्या गठ्ठ्याला टेकवून उभा करायचे आणि आम्ही सगळे डबे घेऊन समोर बसायचो. एक गुन्ह्याची मालिका होती. लहानशा गावातला एक तरुण मास्तर नाहीसा होतो, त्याची आई वाट बघत राहते आणि एक बाई इन्स्पेक्टर वर्षानुवर्षं तपास करते. तीन सीझन आम्ही असेच अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी पाहिले. माग दुरुस्त करणारे जॉबर व्यंकटेशअण्णा पहिल्या दिवसापासून म्हणत, "ह्ये त्या वकिलाचंच काम हाय बघा. चहाची पैज." आक्का आमच्या मागं उभी राहून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत असायची. इन्स्पेक्टर चुकीच्या गल्लीत शिरली की मोबाईलकडे हात करून ओरडायची, "तिकडं न्हाय गं बाई, हिकडं ये!"

मग शेवटचा भाग आला. मास्तरचं काय झालं, कुणी केलं, ते इन्स्पेक्टरला कळतं. आपल्याला नाही. पुरावा हातचा गेलेला असतो, शिक्षा कुणालाच होणार नसते. ती मास्तरच्या आईच्या घरी येते आणि बेल वाजवते. दार उघडतं, ती आत जाते, आतून कडी लागते. पडदा काळा आणि नावं सुरू.

अण्णांनी मोबाईल उचलून हलवला. "नेटवर्क गेलं काय?"

"संपलं, अण्णा," मानेसाहेब म्हणाले.

"संपलं? असं कसं संपलं?"

पुढचे आठ दिवस कारखान्यात दुसरा विषय नव्हता. मानेसाहेबांना शेवट फार आवडला होता. "सगळंच सांगून टाकलं तर प्रेक्षकानं काय करायचं?" असं त्यांचं म्हणणं. अण्णा चिडायचे. "प्रेक्षकानं जेवायचं, साहेब! एवढा वेळ दिलाय आपण. उद्या मी किनार न घालता टॉवेल मागावरनं उतरवला, तर तुमी घेताल काय?" बायकांत दोन तट पडले. मी मानेसाहेबांच्या बाजूनं होते. थोडं शहाणपण मिरवायला मी म्हणाले, "आयुष्यात तरी कुठे सगळ्याची उत्तरं मिळतात?" कुठेतरी वाचलेलं वाक्य असणार.

आक्का मात्र त्या आठ दिवसांत एक शब्द बोलली नाही. येरझाऱ्या वाढल्या होत्या. तिच्या हातून दोन खराब टॉवेल पॅकिंगला आले. असं कधी झालं नव्हतं. मी ते गुपचूप परत नेऊन दिले. ते हातात धरूनच ती एकदम बोलायला लागली. जेवणाची सुट्टी होती, सगळे तिथंच होते.

"पोरी, समद्याची उत्तरं मिळत न्हाईत ते खरं हाय. कुणी केलं ते न्हाय दावलं, न्हाय तर न्हाय. पर त्या आईला आत काय सांगितलं ते दावायला पायजे हुतं. बेल वाजिवली न् आमाला भायेर ठिवून कडी लावली. ही काय रीत झाली?"

मग हातातले टॉवेल टेबलावर ठेवून म्हणाली, "आमच्या दारात बी पोलीस आला हुता."

त्याच्या पंधरा वर्षं आधी तिचे यजमान याच रस्त्यानं सायकलवरून घरी येत होते. दिवेलागणीला कुठल्याशा गाडीनं त्यांना उडवलं. गाडी सापडली नाही. इतकं आम्हाला ऐकून माहीत होतं. पुढचं आक्कानं सांगितलं. पोलीस आला, तेव्हा धाकटे दीर त्याच्याशी बोलायला अंगणात गेले आणि जाताना दार ओढून घेतलं. ती आत होती. "गाडी घावली न्हाय, येवढंच आयकू आलं. गाडी कुणाची ते मी न्हाय इचारत. त्यो रस्त्यावर किती येळ पडला हुता? कुणी हुतं का जवळ? पाणी मागितलं का? ह्ये मला कुणी सांगितलं न्हाय. मी बी कुणाला इचारलं न्हाय."

माझं ते वाक्य मला आता तोंडात कडू लागत होतं. मी म्हणाले, "कागद असतील की, आक्का. तुमच्या दिरांकडं."

"आसतील. मागायचं कसं?"

"मी येते तुमच्याबरोबर."

त्याच संध्याकाळी आम्ही गेलो. दीर आता म्हातारे झाले होते. ऐकल्यावर म्हणाले, "आता कशाला, वहिनी? जुनं झालं ते."

"तुमचं झालं आसंल, भाऊजी," आक्का म्हणाली. "माझं न्हाय झालं."

ते उठून आत गेले आणि कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. "तुमाला तरास नको म्हणून दिलं न्हाय," एवढंच म्हणाले. पोलिसी अक्षर तिला लागेना, म्हणून मी वाचायला घेतलं. पंचनाम्यात सायकल होती, चप्पल होती. पुढच्या पानावर करकंबच्या एका टेम्पोचालकाचा जबाब होता. 'सदर इसम जिवंत होता. मी त्याचे डोके मांडीवर घेतले. त्याने पाणी मागितले, ते पाजले. सायकलला डबा आहे तो घ्या, असे तो म्हणाला. त्यास माझ्या टेम्पोत घेऊन दवाखान्याकडे निघालो असता वाटेत...'

पुढं वाचवेना. आक्कानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाच." मी शेवटपर्यंत वाचलं.

"डबा घरी आला हुता," ती म्हणाली. "मला वाटायचं, पोलिसांनीच रस्त्यावरनं उचलला आसंल."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीनं करकंबला गेलो. नाव विचारत विचारत घर सापडलं. तात्या, म्हणजे ते टेम्पोचालक, अंगणात म्हशीला पाणी पाजत होते. आक्कानं आपण कोण ते सांगितलं. त्यांच्या हातातली बादली तिथंच राहिली.

"ताई, मी येणार हुतो तुमच्याकडं," ते म्हणाले. "लई येळा निघालो. पंढरपूरच्या स्टँडवरनं माघारी फिरलो. भ्या वाटायचं. डागदर म्हनला हुता, तसं उचलायला नको हुतं, मानंला मार बसला हुता. तवापास्नं डोस्क्यात येकच. म्या हलवलं नसतं, तर मानूस वाचला आसता का?"

आक्का त्यांच्याकडे सरळ बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "पंधरा वर्सं मला रोज दिसायचं, त्यो रस्त्यावर येकला पडलाय. तुमच्या मांडीवर हुता, ह्ये मला ठाव न्हवतं. त्यो त्या गाडीमुळं गेला. तुमच्यामुळं न्हाय. तुमी तर डबा सुदीक रस्त्यावरनं उचलून घेतलासा." तात्यांनी पंच्यानं तोंड झाकलं. त्यांच्या सुनेनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पुढं दोनेक वर्षांनी आक्काच्या बोटांना तार कळेनाशी झाली. एके दिवशी तीच मानेसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, "आता मला न्हाय जमत." लेक अकलूजला शाळेत शिकवते, तिच्याकडे ती गेली. निरोप द्यायला अण्णांनी पेढे आणले होते. मला जवळ घेऊन म्हणाली, "लई दिवस माझ्याशेजारी काम केलंस गं."

मागच्या वर्षी माझे वडील दवाखान्यात वारले. शेवटच्या तासात त्यांच्याजवळ मी एकटीच होते. आई बाहेर बाकावर होती. भाऊ धावत आला आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "आईला एवढंच सांग, काही त्रास झाला नाही, झोपेतच गेले." ते खरं नव्हतं. मी घुटमळले. माझे पाय एका जागी ठरत नव्हते. मग आईजवळ गेले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. श्वास कसा लागला, बाबा काय म्हणाले, कुणाला हाक मारली, मी हात कुठे धरला होता. अर्ध्यात माझा आवाज गेला.

आईनं माझं मनगट घट्ट धरलं. "सांग," ती म्हणाली, "थांबू नको."