दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची खोड

भिवंडीच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना मला मेंटॉर नेमलं. पहिल्या वर्षाला आलेल्या पाच जणींना हाताशी धरायचं, फॉर्म कसा भरायचा, कुठल्या सरांना कधी गाठायचं, हे सांगायचं, असं ते काम. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यामुळे माझ्या वेळी मला हे सांगणारं कोणी नव्हतं. आईला बातमी सांगताना मी आवाज अगदी साधा ठेवला. पण संध्याकाळपर्यंत आमच्या अंजूर गावातल्या चार घरांत ती पोचली होती आणि पोचवणारी मीच होते.

माझ्या पाच जणींतली एक चौतीस वर्षांची होती. वज्रेश्वरीची. देवळाच्या रस्त्याला तिचं ओटी-नारळाचं दुकान होतं. बारावी होताच लग्न झालं आणि शिक्षण राहिलं, ते तिने आता पुन्हा धरलं होतं. पहिल्या दिवशी तिने मला "मॅडम" म्हटलं.

"अहो ताई, मी तुमच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहे," मी म्हटलं.

"मग तुला पोरी म्हनू?" ती म्हणाली आणि आमचं जमलं.

मला समजावून सांगता येतं, हे मला ठाऊक होतं. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांच्या मुलींना हिंदीत, गावाकडच्यांना गावच्या बोलीत, जिला जसं कळेल तसं. माझा दोष मात्र मला ठाऊक नव्हता. समोरची जरा अडखळली की तिचं वाक्य मीच पुरं करायचे. मला ती मदतच वाटायची.

डिसेंबरात पहिल्या वर्षाला वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं होतं. ताईला विषय आला 'किरकोळ व्यापार'. ती घाबरली. मी म्हटलं, "काळजी करू नका, मी लिहून देते." दोन पानं लिहिली, व्याख्या, प्रकार, फायदे-तोटे, सगळं शुद्ध मराठीत. तिने ते एसटीत बसून पाठ केलं. त्या दिवशी मेंटॉरना मागे बसायची परवानगी होती. ताई उभी राहिली, पहिलं वाक्य म्हणाली आणि दुसऱ्यावर अडकली. मी मागून शब्द सुचवला. ती पुढे गेली, परत अडकली. मी परत सुचवला. तिसऱ्यांदा मी अख्खं वाक्यच मोठ्याने म्हटलं आणि वर्ग हसला. ताईने कागदाची घडी घातली आणि जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. फोनही उचलेना. मी आठवडाभर वाट पाहिली आणि रविवारी सकाळी भिवंडीहून वज्रेश्वरीची बस धरली. एकदा हाताशी धरलेलं माणूस मी सोडत नाही, हा माझा दुसरा गुण. तो मला त्या बसमध्ये कळला.

दुकानात गर्दी होती. तिने मला स्टूल दिलं आणि गिऱ्हाईक करत राहिली. गरम पाण्याच्या कुंडातून न्हाऊन आलेल्या बायका केस पिळत यायच्या. कोणाला काय हवं, ते तिला मागण्याआधीच कळायचं. एका म्हातारीला ओटी देताना तिने विचारलं, "पहिल्यांदा आलात का, आजी?" आणि देवळात कुठून जायचं ते नीट समजावलं.

गर्दी ओसरल्यावर मी म्हटलं, "ताई, माझं चुकलं."

"तुझा मन चांगला हाय," ती म्हणाली. "पन तू माना बोलूच देत न्हायस. तुझा वाक्य माझ्या तोंडात बसत न्हाय."

मला वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिला दिसलं. तिने चहा मागवला. चहा पिताना मी विचारलं, "हे दुकान कसं चालवता, ते सांगाल?" आणि तोंड मिटून बसले. ती अडखळायची, वर बघायची, पुन्हा सुरू करायची. दर वेळी माझ्या ओठांवर शब्द यायचा आणि मी तो चहाबरोबर गिळायचे. ती पंधरा मिनिटं बोलली. "हेच वर्गात सांगाल का?" मी विचारलं, आणि ती हो म्हणाली.

मी तिच्या वर्गाच्या सरांना भेटले, घडलं ते सगळं सांगितलं आणि तिच्यासाठी आणखी एक संधी मागितली. सर म्हणाले, "ठीक आहे. पण बोलणार ती, तू नाही."

या वेळी तिच्या हातात कागद नव्हता. यात्रेच्या दिवसांत काय खपतं, पावसाळ्यात काय पडून राहतं, एकदा फसवलेलं गिऱ्हाईक परत का येत नाही, हे तिने 'हाय', 'न्हाय' म्हणतच सांगितलं. मधे एकदा ती बराच वेळ थांबली. सगळा वर्ग वाट बघत होता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मग तिचं तिलाच सुचलं. शेवटी टाळ्या पडल्या, सरांनी दोन प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरंही तिने दिली.

आज मी भिवंडीजवळ वडप्याला एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी करते. खोड अजून पूर्ण गेलेली नाही, आई म्हणते, "मला बोलू देशील का?" पण कॉलेजात मी काय कमावलं, असं कोणी विचारलं, तर पदवीच्या आधी मला ती दहा मिनिटं आठवतात, ज्यात मी एक शब्दही बोलले नाही. ताई आता तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा तिलाच मेंटॉर केलंय. परवा फोनवर सांगत होती, तिच्या पाच जणींतली एक अजिबात बोलत नाही.

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"बसते तिच्याजवल," ती म्हणाली. "बोलंल ती."