युकिगेशिकीच्या डोक्यामागचा इसम

सदर इसमाचे नाव ओनोदेरा शुहेई. वय अठ्ठावन्न. हुद्दा मोतद्दार. सेवा एकतीस वर्षे, अखंडित. ओळखखुणा: डाव्या खांद्यावर दातांचे व्रण, उजव्या पायाची दोन बोटे चपटी. विशेष कामगिरी: एकोणीस शर्यतींपैकी अकरा जिंकणाऱ्या युकिगेशिकी या अश्वाचे संगोपन, तसेच अकराही विजयांच्या अधिकृत छायाचित्रांत उपस्थिती.

हे वर्णन मीच लिहिलं आहे. घोड्याच्या निवृत्तीनिमित्त तबेल्याने स्मरणिका काढली, तेव्हा प्रत्येकाकडून माहिती मागवली होती. त्यात खोटं काही नाही. छायाचित्रांत मी उपस्थित होतो. दिसत नव्हतो, इतकंच.

शर्यत जिंकली की फोटो निघतो. मालक, त्यांचे नातेवाईक, ट्रेनर, जॉकी असे ओळीने उभे राहतात आणि घोड्याच्या तोंडाशी दोर धरून मोतद्दार. जागा मोक्याची आहे. माझ्या बाबतीत ती वाया गेली, आणि दोष माझाच.

युकिगेशिकी म्हणजे बर्फाचा देखावा. घोडा कोळशासारखा काळा. जन्मला त्या दिवशी बर्फाचं वादळ होतं आणि मालकांनी त्याला न पाहताच फोनवर नाव ठेवलं. दोन वर्षांचा असताना तो माणसांच्या गर्दीला बुजायचा. शर्यतीआधी प्रेक्षकांसमोर रिंगणात फिरवायचं म्हटलं की छत्री दिसताच आडवा व्हायचा. मी कोटाच्या वरच्या खिशात गाजराचे तुकडे ठेवले आणि फेरीला एक दिला. दोन शर्यतींत तो शिकला. माझं शिक्षण तिथेच थांबलं. पुढे मी कोट घालून उभा दिसलो की तो नाक खिशात घालायचा आणि त्याचं कपाळ बरोबर माझ्या चेहऱ्यासमोर यायचं. फोटोग्राफरला त्याचे टवकारलेले कान फार आवडत.

आई उराकावा गावी असते, समुद्रकाठी. वय शहाऐंशी, अजून उन्हाळ्यात गोट्यांवर समुद्रशेवाळाच्या पट्ट्या वाळत घालते. फोटो तिने पूर्वजांच्या देव्हाऱ्याशेजारी ओळीने लावलेत. अकरावा पोचल्यावर तिचा फोन आला.

“पुन्हा कानच आले रे.”

“ते माझे नाहीत आई, घोड्याचे आहेत.”

“तेच म्हणतेय मी. शेजारच्या इसोनोबाई विचारत होत्या, यात तुमचा मुलगा कुठला? मी बूट दाखवले.”

“बूट बरोबर ओळखलेस.”

“मीच पाठवलेत ते. हे बघ, माझा काही भरवसा नाही. एका फोटोत तोंड दाखव. घोड्याचं तोंड मला पाठ झालंय.”

आता एकच शर्यत उरली होती; डिसेंबरातली, त्याची शेवटची. असा घोडा मोतद्दाराला दुसऱ्यांदा मिळत नाही. माझ्याकडच्या दुसऱ्या घोड्याने चार वर्षांत एक शर्यत जिंकली होती, तीही पहिला आलेला बाद ठरला म्हणून.

मी नवा सूट घेतला. नव्या कोटाचा वरचा खिसा टाक्याने शिवलेला येतो. तो मी उसवला नाही. गाजरंही नेली नाहीत. एकतीस वर्षांत स्वतःच्या डोक्याने घेतलेला हा माझा पहिला निर्णय.

रिंगणात पहिल्या फेरीला त्याने खिसा हुंगला. दुसरीला नाकाने ढोसला. तिसरीला थांबून माझ्याकडे असं पाहिलं, की मीच मान खाली घातली. चौथीला कोटाची कॉलर दातात धरून खेचली. टर्र असा आवाज झाला आणि प्रेक्षक हसले. आमचे ट्रेनर काकिझाकी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, कठड्यापाशी आले.

“शुहेई, गाजर कुठंय?”

“आज नाही आणलं, मास्तर.”

“का?”

“फोटोसाठी.”

लंगडणाऱ्या घोड्याकडे बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“फोटो जिंकल्यावर काढतात रे.”

“आता कुठून आणू?”

“माझ्या खिशात सिगारेटी आहेत. चालतील का, विचार त्याला.”

विचारायची गरज नव्हती. शर्यत सुटताना फाटकं उघडली तेव्हा तो मागे वळून बघत होता, असं जॉकीने नंतर सांगितलं. कोणाला शोधत होता ते त्याने सांगितलं नाही. सभ्य माणूस आहे. सगळे घोडे निघून गेल्यावर युकिगेशिकी निघाला, एकेकाला गाठत आला आणि नाकभर अंतराने दुसरा आला. दुसऱ्याचा फोटो काढत नाहीत.

वार्ताहरांनी मास्तरांना घेरलं.

“वय झालं,” मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, “घोड्याचं.”

दोन दिवसांनी आईचा फोन आला.

“आलास बाबा! पेपरात आलास. अख्खा. दातसुद्धा दिसतायत.”

“आई, त्यात मी किंचाळतोय.”

“लहानपणी अस्साच भोकाड पसरायचास. इसोनोबाईंनी लगेच ओळखलं.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, यानेच हरवला का त्याला?”

“मग तू?”

“मी म्हटलं, हो, हाच.”

नववर्षाला घरी गेलो. अकरा फोटोंच्या शेवटी पेपरातलं कात्रण चौकटीत लावलेलं होतं. घोड्याच्या दातांत माझी कॉलर आणि माझा चेहरा स्पष्ट, उजेडात. खालची ओळ आईने कापली नव्हती.

‘युकिगेशिकी (डावीकडे).’